तहाचे दिवस

आज बोलायचं ठरलंय ते टाइप वन मधुमेहातल्या रेमिशनवर, म्हणजे निदानानंतर काही काळ इन्सुलिनची गरज खूप कमी होते त्यावर, आणि त्यात आपल्या रोगप्रतिकारशक्तीचा हात किती असतो यावर. समोर बरेच पालक दिसताहेत, फ्रीजच्या दारात इन्सुलिन ठेवणारे आणि रात्री तीनला उठून साखर बघणारे. त्यामुळे टाइप वन म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. पण एक गोष्ट आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

नऊ वर्षांची मुलगी. सारखी तहान, अंथरुणात लघवी, पंधरा दिवसांत चार किलो वजन उतरलेलं. इन्सुलिन सुरू केलं, दिवसाला २२ युनिट. दीड महिन्यात साखर सारखी लो व्हायला लागली. डोस कमी करत करत आम्ही ६ युनिटवर आलो. आई म्हणाली, "सर, बरी झाली ना हो?" मी म्हटलं, हा हनिमून पिरियड आहे, म्हणजे तीच रेमिशन, इन्सुलिन बंद करायचं नाही. ओपीडीत गर्दी होती, दोन वाक्यांत उरकलं. ते मला आजही टोचतं.

हा शब्दही मला आवडत नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या आजीला हनिमून समजवायचा कसा? (हशा) मी आता 'तह' म्हणतो. तहात दोन्हीकडची फौज जागेवरच असते, फक्त लढाई थांबलेली असते.

तर नात्यातल्या कुणीतरी त्या मायलेकींना एका काढेवाल्याकडे नेलं. "सुई आजपासून बंद." आणि पहिले दहा दिवस साखर खरंच फार चढली नाही! घरात पेढे वाटले. काम करत होत्या तिच्या स्वतःच्या उरलेल्या बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, नाव झालं काढ्याचं. माझा खरा राग आहे तो यावर. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, उलट्या झाल्या, धाप लागली, श्वासाला तो आंबूस-गोड वास. आमच्याकडे आणली तेव्हा कीटो-ॲसिडोसिस झालेला होता, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठलं होतं, ती शुद्धीवर नव्हती. चार दिवस आयसीयू. वाचली. आज फार्मसी शिकतेय.

चिठ्ठी आली, सहा मिनिटं राहिलीत. मूळ विषय आता भरभर सांगतो.

निदान होतं तेव्हा सगळ्या बीटा पेशी मेलेल्या नसतात. काही जिवंत असतात, पण चढलेल्या साखरेने दमून गप्प झालेल्या. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांना विसावा मिळतो आणि त्या पुन्हा कामाला लागतात. ही झाली अर्धी गोष्ट.

उरलेली अर्धी टी पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची. आपल्याच बीटा पेशींवर हल्ला करतात त्या टी पेशी, आणि त्यांना आवरणाऱ्याही टी पेशीच, टी-रेग. जपानी शास्त्रज्ञ साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना मिळालं, ते याच कामासाठी. या पेशी ज्याच्यावर चालतात ते फॉक्सपी-३ जनुक जन्मतः बिघडलेलं असेल, तर अगदी तान्ह्या बाळालाही टाइप वन होऊ शकतो. म्हणजे आवरणारं कुणी नसलं की काय होतं, ते इथे उघड दिसतं.

उलट बाजूचा पुरावा ऐंशीच्या दशकातला. फ्रान्स आणि कॅनडात नुकतं निदान झालेल्यांना सायक्लोस्पोरिन दिलं, म्हणजे प्रतिकारशक्तीच दाबली. काही जणांचं इन्सुलिन सुटलं! पण मूत्रपिंडाला धोका, आणि औषध थांबवलं की मधुमेह परत. तह टिकला नाही, पण तो कुणाशी करायचा ते कळलं.

मग टेप्लिझुमॅब, हल्ला करणाऱ्या टी पेशींना थोपवणारं औषध. चौदा दिवस रोज सलाइनमधून. २०१९ च्या अभ्यासात टाइप वन रुग्णांचे ७६ नातेवाईक होते, रक्तात आपल्याच बीटा पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी आढळलेले, साखर बिघडू लागलेले, पण अजून आजारी न पडलेले. औषध न मिळालेल्यांत निदानापर्यंतचा मध्यकाळ सुमारे २४ महिने, मिळालेल्यांत ४८. दोन वर्षं! लहान मुलाच्या घरात दोन वर्षं म्हणजे काय, ते तुम्हीच जाणता. अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

सी-पेप्टाइडबद्दल बोलायचं राहिलं. स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय ते त्यातून कळतं. तिसऱ्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, मला वाटतं त्यांचा प्रश्न त्यावरच आहे. विचारा ताई.