पोस्टकार्डाची पाठ

[दृश्य: टेबलावर पसरलेली जुनी चित्र-पोस्टकार्डे. एक हात त्यांतील एक कार्ड उचलून उलटे करतो.]

जगभरची पोस्टकार्डे जमवणाऱ्याला आधी भुरळ पडते ती चित्राची. संग्रह थोडा वाढला, की मात्र त्याची नजर कार्डाच्या पाठीकडे वळू लागते. याचे कारण असे, की एखादे कार्ड कुठले, या प्रश्नाला क्वचितच एक उत्तर असते. चित्रातले गाव एक, कार्ड प्रसिद्ध करणारा प्रकाशक दुसऱ्या शहरातला, छापखाना तिसऱ्या देशातला आणि पोस्टाचा शिक्का चौथ्याच ठिकाणचा, असे अनेकदा घडते. ही चार ठिकाणे शोधून काढणे आणि ती एकाच कागदावर कशी येऊन पोहोचली याचा माग काढणे, हा या छंदातला खरा अभ्यास आहे.

पोस्टकार्ड जन्माला आले तेव्हा त्यावर चित्र नव्हतेच. १८६५ साली कार्ल्सरूह येथे भरलेल्या टपाल परिषदेत प्रशियाचे टपाल अधिकारी हाइनरिख फॉन श्टेफान यांनी पाकिटाविना पाठवायच्या उघड्या पत्राची कल्पना मांडली. ती तेव्हा मान्य झाली नाही. चार वर्षांनी, जानेवारी १८६९ मध्ये, व्हिएन्नातील एका वृत्तपत्रात अर्थशास्त्राचे प्राध्यापक एमानुएल हेरमान यांनी तोच विषय खर्चाच्या अंगाने मांडला. चार ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट, लाख आणि पूर्ण टपाल हशील यांवर खर्च करणे त्यांना अर्थशास्त्रीयदृष्ट्या निरर्थक वाटत होते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपाल खात्याने ही सूचना उचलून धरली आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजी, तिकीट आधीच छापलेले, फिकट पिवळसर रंगाचे साधे कार्ड विक्रीस आणले. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे ३० लाख कार्डे खपली. ब्रिटनने १८७० मध्ये, अमेरिकेने १८७३ मध्ये आणि भारताने १८७९ मध्ये आपापली कार्डे काढली. दरम्यान ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ देशांनी टपालाचा करार केला, त्यातून पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला, आणि एका देशाचे तिकीट लावलेले कार्ड दुसऱ्या देशात पोहोचवण्याची व्यवस्था नियमात बसली. हा करार झाला नसता तर जगभरची कार्डे जमवण्याचा छंद बहुधा श्रीमंत प्रवाशांपुरताच राहिला असता.

चित्रे आली ती हळूहळू, आणि त्यांना जागा मिळाली ती टपाल खात्यांच्या नियमांतून. १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल मनोऱ्याच्या चित्राची कार्डे विकली गेली, आणि जर्मन भाषक प्रदेशांत गावोगावची दृश्ये एकत्र गुंफून 'अमुक गावाहून सलाम' अशी वेलबुट्टीदार अक्षरे मिरवणाऱ्या रंगीत कार्डांची लाट उसळली. मात्र पाठीमागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखून ठेवण्याचा दंडक होता. म्हणून त्या काळच्या कार्डांवर चित्राच्या कडेने, आकाशाच्या मोकळ्या पट्टीत, कधी नदीच्या पाण्यावरसुद्धा हस्ताक्षर आढळते. नवख्या संग्राहकाला चित्र विद्रूप झाल्यासारखे वाटते. वास्तविक लिहिणाऱ्याला दुसरी जागाच नव्हती.

[दृश्य: दोन कार्डांच्या पाठी शेजारी शेजारी. एकीवर मधली रेघ नाही, दुसरीवर आहे.]

ही मधली उभी रेघ नीट पाहावी. डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, अशी विभागणी ब्रिटनने १९०२ मध्ये मान्य केली, फ्रान्समध्ये ती १९०४ च्या सुमारास रूढ झाली, जर्मनीने ती १९०५ मध्ये स्वीकारली आणि अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून. त्यामुळे रेघ नसलेले अमेरिकन चित्रकार्ड हाती आले तर ते साधारणपणे त्या तारखेच्या आधी छापले गेले असे धरता येते. यात एक मेख आहे. दुकानदार जुना साठा वर्षानुवर्षे विकत राहत, त्यामुळे रेघ नसलेल्या कार्डावर १९१० चा शिक्काही सापडू शकतो. शिक्क्यावरून एवढेच ठरते, की कार्ड त्या दिवसाच्या नंतर छापलेले नाही. किती आधी छापले होते, हे कागद, छपाई आणि पाठीची रचना यांना विचारावे लागते.

जपानी कार्डांच्या बाबतीत हे वाचन विलक्षण नेमके होते. तिथे खासगी चित्रकार्डांना १९०० मध्ये परवानगी मिळाली आणि १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात त्यांचा खप प्रचंड वाढला. १९०७ पर्यंतच्या कार्डांच्या पाठीवर विभागणी नाही. १९०७ ते १९१८ या काळात मजकुरासाठी एक तृतीयांश जागा सोडलेली दिसते. १९१८ नंतर रेघ मध्यावर येते. पाठीवर 'पोस्टकार्ड' या अर्थाची जी जपानी अक्षरे उजवीकडून डावीकडे छापलेली असतात, त्यांत १९३३ पर्यंत 'हाकाकी' असे लिहीत आणि त्यानंतर 'का' या अक्षराला दोन बारीक रेघा जोडून 'हागाकी' असे लिहू लागले. जपानी न येणारा माणूसही भिंगाने या दोन रेघा शोधून कार्डाचा काळ ठरवू शकतो. माझ्या मते नव्या संग्राहकाने अभ्यासाची सुरुवात जपानी कार्डांपासूनच करावी, कारण इतके उघड पुरावे दुसरीकडे फारसे मिळत नाहीत.

[दृश्य: भिंगाखाली छपाई. आधी एकसारख्या ठिपक्यांची जाळी, मग विस्कळीत रंगीत ठिपके, मग ठिपक्यांविना सलग करडी छटा.]

आता छापखान्याकडे वळू. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील फार मोठ्या संख्येने कार्डे जर्मनीत, त्यातही लाइपझिग, ड्रेस्डेन आणि बर्लिन येथे छापली जात. दगडी छाप्यावर एकामागून एक रंग चढवण्याचे तिथल्या कारागिरांचे कौशल्य आणि तिथले दर, या दोन्ही बाबतीत इतरांना स्पर्धा करणे जड जाई. म्हणून इस्तंबूलचे प्रकाशक माक्स फ्रुख्टरमान यांनीही बॉस्फोरसची दृश्ये जर्मनीत छापून घेतली, आणि अमेरिकेतल्या लहानशा गावाच्या मुख्य रस्त्याचे कार्डही अटलांटिक ओलांडून छापून येई. अशा कार्डांवर 'जर्मनीत छापले' किंवा 'सॅक्सनीत छापले' (सॅक्सनी हा जर्मनीचाच एक भाग) ही बारीक ओळ असते. ती अभिमानापोटी छापलेली नाही. ब्रिटनचा १८८७ चा व्यापारचिन्ह कायदा आणि अमेरिकेचा १८९० चा आयातकर कायदा यांनी परदेशी मालावर मूळ देशाचे नाव असण्याचे बंधन घातले होते, त्याचा हा परिणाम. पुढे १९०९ मध्ये अमेरिकेने आयात कार्डांवरचा कर वाढवला आणि १९१४ च्या युद्धाने उरलासुरला व्यापारही तोडला. त्यानंतरच्या काही वर्षांतल्या अनेक कार्डांचे रंग एकदम मळकट का वाटतात, याचे बरेचसे उत्तर इथे सापडते.

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग या अभ्यासाला पुरते. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यांत्रिक छपाई. वेड्यावाकड्या रंगीत ठिपक्यांचा सडा दिसला तर तो दगडी छापा. आणि ठिपकेच नसतील, छटा सलग उतरत गेली असेल, तर ते बहुधा थेट फोटोच्या कागदावर काढलेले कार्ड असते. १९०३ मध्ये कोडॅकने कार्डाच्याच मापाचे छायाचित्र देणारा घडीचा कॅमेरा बाजारात आणला, आणि गावातला हौशी माणूसही स्वतःच्या घराचे, पुराचे किंवा मिरवणुकीचे कार्ड करू लागला. अशा कार्डाला प्रकाशक नसतो आणि बहुधा चित्रओळही नसते. तिकिटाच्या चौकोनात छापलेले फोटोकागदाचे नाव एवढाच धागा हाती लागतो.

पोस्टाचा शिक्काही कधी कधी चकवतो. १९१४ पर्यंत इस्तंबूलमध्ये ऑस्ट्रिया, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन यांची स्वतंत्र टपाल कार्यालये होती. त्यामुळे गलाता पुलाचे चित्र असलेल्या आणि त्याच शहरातून टाकलेल्या कार्डावर तुर्की तिकीट असेलच असे नाही; फ्रेंच तिकिटावर 'लेव्हां' (म्हणजे पूर्व भूमध्य प्रदेश) असा ठसा दिसला, तर ते फ्रेंच कार्यालयातून गेले होते. संग्रहातल्या एका लहानशा तिकिटावरून साम्राज्यांमधली ओढाताण अशी डोळ्यांसमोर उभी राहते. फ्रान्समधून आलेल्या कित्येक जुन्या कार्डांवर जेमतेम चार-पाच शब्द असतात, त्याचे कारणही टपालाच्या नियमांत दडलेले आहे: पाच शब्दांपर्यंतच्या शुभेच्छांना कमी दर लागत असे.

इतका वेळ पाठीबद्दल बोलल्यावर चित्राबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण चित्र नेहमी खरे बोलत नाही. शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीत, जिची सुरुवात १८९८ मध्ये झाली, मूळ फोटोतले विजेचे खांब, तारा, नकोशी वाहने चित्रकार काढून टाकत. तिची १९३० ते १९५० च्या दशकांतली, कापडासारख्या पोताच्या कागदावर छापलेली भडक रंगांची कार्डे मोहक असली, तरी रस्ता खरोखर कसा होता याचा पुरावा म्हणून ती वापरू नयेत. मात्र कार्ड केव्हाचे, हे सांगण्याच्या बाबतीत याच कंपनीइतके प्रामाणिक दुसरे कोणी क्वचितच भेटेल. तिच्या त्या काळातल्या क्रमांकांत आधी एक अंक आणि मग अक्षर येते, आणि अक्षरावरून दशक कळते: '५ए' म्हणजे १९३५, '२बी' म्हणजे १९४२. कंपनीचे दप्तर आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. याउलट लंडनच्या राफाएल टक आणि मंडळींचे मुख्यालय २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाले, आणि त्यांच्या असंख्य कार्डांचा हिशेब संग्राहकांना आजही एकेका क्रमांकावरून जुळवावा लागतो.

[दृश्य: पश्चिम आफ्रिकेतील करड्या छटेची कार्डे, खाली फ्रेंच चित्रओळी.]

वसाहतकाळातली कार्डे पाहताना सावधपणा आणखी वाढवावा लागतो. 'दृश्ये आणि नमुने' अशा शीर्षकाखाली उत्तर आफ्रिकेतल्या माणसांची जी कार्डे युरोपात खपली, त्यांतील पुष्कळशी स्टुडिओत, भाड्याच्या पोशाखात आणि रंगवलेल्या पडद्यापुढे बसवून काढलेली आहेत. चित्रओळीत माणसाचे नाव नसते. जमातीचे किंवा धंद्याचे लेबल असते. अशा कार्डाखाली छापलेली ओळ छायाचित्रकाराचा आणि ग्राहकाचा दृष्टिकोन सांगते, एवढेच मानणे मला योग्य वाटते. तरीही ही कार्डे बाजूला सारता येत नाहीत. डाकारमध्ये राहून एदमों फोर्तिए या फ्रेंच छायाचित्रकाराने पश्चिम आफ्रिकेची तीन हजारांहून अधिक कार्डे काढली. आजच्या माली देशातल्या जेन्ने येथील जुन्या मशिदीचे भग्नावशेष त्याच्या कार्डावर पाहायला मिळतात. त्या जागी आज उभी असलेली मशीद १९०७ मध्ये पूर्ण झाली.

कार्डे मिळवण्याच्या वाटा मात्र आता बदलल्या आहेत. जुन्या बाजारांच्या आणि लिलावांच्या जोडीला २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेला 'पोस्टक्रॉसिंग' हा उपक्रम आहे. त्यात तुम्ही एका अनोळखी सदस्याला कार्ड पाठवता, ते पोहोचल्याची नोंद झाली की तिसऱ्याच कुणाकडून तुम्हाला कार्ड येते, आणि प्रत्येक कार्डावर देशाच्या संक्षेपासह क्रमांक लिहायचा असतो. भविष्यातल्या अभ्यासकाला हा हाताने लिहिलेला क्रमांक शिक्क्याइतकाच उपयोगी पडेल. दुर्गम ठिकाणांची कार्डेही मागवली जातात: अंटार्क्टिकातल्या पोर्ट लॉकरॉय येथून निघालेले कार्ड फॉकलंड बेटांमार्गे पुढे जाते, तर वानुआटूत २००३ पासून पाण्याखाली टपाल कार्यालय असून तिथे जलरोधक कार्डे चालतात. गालापागोसमधल्या फ्लोरेआना बेटावर देवमाशांच्या शिकारी जहाजांच्या काळापासून एक पिंप ठेवलेले आहे. तिथे येणारा प्रवासी आपल्या गावाकडची कार्डे उचलतो आणि स्वतः नेऊन देतो. अशा कार्डावर ना तिकीट असते ना शिक्का, त्यामुळे ते खरोखर पिंपातून आले की नाही, हे केवळ नेणाऱ्याच्या शब्दावर मानावे लागते.

नव्या कार्डांचे मूळ शोधणे जुन्यापेक्षा अवघड होत चालले आहे. पुष्कळ देशांत कार्डावर यंत्राने उमटवलेल्या नागमोडी रेघा किंवा फिकट नारिंगी पट्ट्या तेवढ्या असतात. गावाचे नाव आणि तारीख नसते, कधी तिकीट शिक्क्याविनाच येते. त्यामुळे आलेल्या कार्डाची तारीख, पाठवण्याचे ठिकाण आणि ते कसे मिळाले, याची नोंद वेगळ्या चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीने त्याच दिवशी करून ठेवावी आणि चिठ्ठी कार्डासोबत पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटात ठेवावी. पीव्हीसीची पाकिटे टाळावीत, कारण त्यातील मऊपणा आणणारे रसायन वर्षानुवर्षांत बाहेर पडून शाई आणि कागद दोन्हींना चिकटते. तिकीट मोलाचे वाटले तरी ते कार्डावरून सोडवू नये. कार्ड, तिकीट आणि शिक्का हे तिन्ही एकत्र असतील, तरच त्या कार्डाचा प्रवास सिद्ध करता येतो.