परराज्यातील स्पर्धा आणि पन्नाशीनंतरचे पाय

नमस्कार, श्रोतेहो. पन्नाशी आणि साठी ओलांडलेल्या खेळाडूंच्या क्रिकेट स्पर्धा आता अनेक देशांत भरतात. २०१८ साली सिडनीत पन्नास वर्षांवरील खेळाडूंचा पहिला विश्वचषकही झाला आणि तो यजमान ऑस्ट्रेलियाने जिंकला. अशा स्पर्धेसाठी दुसऱ्या राज्यात निघालेला संघ सरावाची आखणी कितीतरी आधीपासून करतो; प्रवासाची आखणी मात्र ज्याला तिकिटे काढण्याची हौस असते त्याच्या गळ्यात घालून बाकीचे मोकळे होतात. माझे सांगणे एकच आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी, आणि तेही शक्यतो सकाळी, मुक्कामी पोहोचावे. पुन्हा सांगतो, आदल्या दिवशी सकाळी.

हे मी कशावरून म्हणतो, ते ऐका. एका स्पर्धेला आमचा संघ रात्रभर बसून प्रवास करून पहाटे पोहोचला आणि नाणेफेक जिंकून लगेच फलंदाजीला उतरला. आमचे सलामीवीर साठीच्या पुढचे, अंगाने काटक आणि स्वभावाने हट्टी. पहिल्याच षटकात त्यांनी चेंडू कव्हरकडे ढकलून एक धाव घेतली आणि पलीकडे पोहोचताच मांडीचा मागचा भाग धरून ते जागीच उभे राहिले. रात्रभर गुडघे दुमडून आखडलेला स्नायू एकदम ताणला, की असेच होते. आंतरराष्ट्रीय सामन्यांतून रनर, म्हणजे जखमी फलंदाजासाठी धावणारा गडी, २०११ पासून हद्दपार झाला असला तरी क्रिकेटच्या मूळ नियमांत तो अजून आहे, आणि पंचांनी तो मंजूर केला. रनर शक्यतो आधी फलंदाजी करून आलेला असावा, असे नियम सांगतो. पण आमचे अजून कोणीच बाद झाले नव्हते, तेव्हा एक गडी पॅड बांधून स्क्वेअर लेगच्या पंचांजवळ जाऊन उभा राहिला. पुढच्या षटकात सलामीवीरांनी मिडविकेटकडे सुरेख फटका मारला आणि जन्मभराच्या सवयीने स्वतःच लंगडत धावत सुटले. तिकडून रनरही धावला. समोरून नॉन-स्ट्रायकर निघालाच होता. तिघांच्या या पळापळीत गोलंदाजाच्या टोकाला दोघे आमचेच पोहोचले आणि "तू कशाला आलास?" असे एकमेकांना विचारू लागले. चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती आला, पण हसू आवरेपर्यंत त्याला बेल्स उडवता येईनात. अखेर त्याने त्या उडवल्या आणि पंचांनी बोट वर केले. रनर असलेला स्ट्रायकर स्वतः क्रीझबाहेर सापडला आणि यष्टिरक्षकाच्या टोकाची यष्टी मोडली, तर रनर कुठेही असला तरी स्ट्रायकर धावबाद होतो. आमचे सलामीवीर मात्र तंबूत येऊन संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला एकच सांगत होते, "मी तर पोहोचलोच होतो ना!" क्षेत्ररक्षणाच्या वेळी वाकायला तयार असलेले खेळाडू आम्हाला शोधावे लागले, ते वेगळेच.

म्हणून प्रवासात तास-दीड तासाने उठून चार पावले चालावे आणि उठावे लागेल या भीतीने पाणी पिणे टाळू नये. विमानात बॅट हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, त्यामुळे किटबॅग आपल्यापासून दूर जाणार हे गृहीत धरून नेहमीची औषधे, चष्मा आणि पायाला बसलेले बूट हाताशी ठेवावेत. बॅट उसनी मिळते. बूट उसने मिळत नाहीत. वयाच्या दाखल्याची प्रत प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगावी, कारण स्पर्धेत वयाची अट असते आणि पांढरे केस पुरावा म्हणून चालत नाहीत. आणखी एक, एक तिकीट गुणलेखकासाठी जरूर काढावे. हल्ली कोणीतरी मोबाइलवर धावा टिपतो आणि मध्येच फोन आला की दोन चेंडू हरवतात; वहीत पेन्सिलीने ठिपके मांडणारा माणूस संघात असणे मला अकराव्या खेळाडूइतकेच आवश्यक वाटते, मग कोणी मला जुनाट म्हणो.

आता परतीचे तिकीट. ते अंतिम सामन्याच्या संध्याकाळचे कधीही काढू नये. १९३० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडचा संघ वेस्ट इंडिजमध्ये किंग्स्टनला कसोटी खेळत होता. त्या संघात विल्फ्रेड ऱ्होड्स ५२ वर्षांचे आणि जॉर्ज गन ५० वर्षांचे होते. कसोटी खेळलेल्यांत ऱ्होड्स यांच्याइतक्या वयाचा खेळाडू आजवर दुसरा झालेला नाही. सामन्याला दिवसांची मर्यादा नव्हती. इंग्लंडच्या अँडी सँडहॅमने ३२५ धावा केल्या, तर वेस्ट इंडिजसमोर ८३६ धावांचे लक्ष्य असताना जॉर्ज हेडलीने २२३ धावा काढल्या. मग शेवटचे दोन दिवस पावसात वाहून गेले, इंग्लंडच्या संघाची परतीच्या जहाजाची वेळ झाली, आणि निकाल लागेपर्यंत चालायचा तो सामना नऊ दिवसांनंतर अनिर्णित सोडून मंडळी बंदराकडे निघाली.