सहाशे चोवीस आवाजांचं एक ‘नाही’

जरा कान देऊन ऐका. मुख्य आवाजाच्या मागे काहीतरी भरून राहिलंय. ऑर्गन म्हणावा तर ऑर्गन नाही, व्हायोलिन म्हणावीत तर तीही नाहीत. ही माणसं आहेत. नुसता ‘आ’कार लावून गाणारी.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून स्टॉकपोर्ट आहे, एकेकाळी टोप्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. तिथल्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ‘टेन सीसी’ या चौघांच्या बँडनं हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. नाव, ‘आय अ‍ॅम नॉट इन लव्ह’. मी प्रेमात पडलेलो नाही.

गाण्याचं बीज घरातल्या तक्रारीत आहे. तू ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं फारसं म्हणत नाहीस, असं बँडमधल्या एरिक स्ट्युअर्टची बायको त्याला म्हणाली. त्याला वाटलं, उठता-बसता म्हटलं तर त्या शब्दांना अर्थ काय राहणार? मग त्यानं नकारातून कबुली द्यायचं ठरवलं. गाण्यातला तो सांगतो, तुझा फोटो भिंतीवर लावलाय खरा, पण तिथला डाग झाकायला. प्रेमात पडलेल्या माणसाचं खोटं बोलणं इतकं उघडं पडलेलं मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकलेलं नाही.

स्ट्युअर्ट आणि ग्रॅहम गोल्डमन यांनी चाल बांधली ती आधी बोसा नोव्हा या ब्राझिली संगीतप्रकाराच्या ठेक्यात. बँडमधल्याच केविन गॉडलीला ती अजिबात पटली नाही. टेप पुसून टाकली. पण स्टुडिओत काम करणाऱ्यांच्या तोंडी ती चाल बसली होती, ते गुणगुणतच राहिले. शेवटी गॉडलीनंच तोड काढली: वाद्यं बाजूला ठेवू आणि सगळं आवाजांनी उभं करू.

म्हणजे काय केलं? गॉडली, गोल्डमन आणि लॉल क्रीम माईकपुढे उभे राहिले आणि तिघांनी मिळून एकच सूर लावला. तोच सूर सोळा वेळा. झाले अठ्ठेचाळीस आवाज. मग पुढचा सूर, पुन्हा सोळा वेळा. सप्तकातले बारा स्वर आणि वरचा सा, असे तेरा सूर, एकूण ६२४ आवाज. हे काम काही आठवडे चाललं. प्रत्येक सुराच्या टेपची टोकं जोडून तिचं कडं केलं, म्हणजे तो सूर श्वास न घेता फिरत राहील.

आता मिक्सिंगच्या टेबलाकडे बघा. चौघंही त्याच्यावर वाकलेत. प्रत्येकाच्या बोटांखाली काही फेडर, म्हणजे एकेका सुराचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंट्या. गाण्यातला सूर बदलला की हा फेडर वर, तो खाली. टेबलच त्यांनी वाद्यासारखं वाजवलं. आणि फेडरच्या खालच्या टोकाला चिकटपट्टी लावून ठेवली, कुठलाच सूर पुरता बंद होऊ नये म्हणून. त्यामुळे तेराही सूर सतत मंद तेवत राहतात. मला इथे दरवेळी तंबोरा आठवतो. गवय्याचं लक्ष असो-नसो, मागे सूर धरून बसलेला.

मधल्या शांत जागेत काय घालायचं, हे ठरत नव्हतं. तेवढ्यात स्टुडिओची स्वागतिका कॅथी रेडफर्न हळूच दार उघडून आत आली आणि कुजबुजली, एरिक, तुझ्यासाठी फोन आहे. क्रीम म्हणाला, हाच आवाज! ती तयार नव्हती, तिला गळ घालून माईकपुढे आणलं. गाण्यात ती कुजबुजते: गप्प राहा, मोठी मुलं रडत नाहीत.

गाणं सहा मिनिटांचं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, म्हणून अल्बममधून आधी दुसरंच गाणं बाजारात आलं. हे निघालं मे १९७५ मध्ये. जूनअखेर ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं. अमेरिकेत काटछाट केलेली आवृत्ती निघाली. बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते तीन आठवडे दुसऱ्या जागी राहिलं आणि प्रत्येक आठवड्यात त्याच्या वर वेगळं गाणं होतं. पुढच्या वर्षी गीतकार-संगीतकारांसाठीचे ब्रिटनमधले आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी गॉडली आणि क्रीम बँड सोडून गेले. त्या टेबलावर वाकलेले चार जण दोन वाटांना लागले.

२०१४ साली ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ हा चित्रपट आला. त्याची सुरुवात रुग्णालयात होते. आत आई शेवटच्या घटका मोजतेय. बाहेर एक लहान मुलगा वॉकमन घेऊन बसलाय, कानांवर हेडफोन. त्याच्या कानात हेच गाणं वाजतंय.