कर्जफेडीतून निघालेली विचारपूस

(दृश्य: ब्रिस्टल. ‘न्यू रूम’च्या आतली लाकडी बाकं.)

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातलं ‘न्यू रूम’ हे सभागृह. मेथडिस्टांनी, म्हणजे जॉन वेस्ली यांच्या ख्रिस्ती चळवळीतल्या लोकांनी, १७३९ मध्ये ते बांधायला घेतलं. इमारत उभी राहिली, पण डोक्यावर कर्ज राहिलं. ते फेडायचं कसं, हे ठरवायला १५ फेब्रुवारी १७४२ रोजी बैठक भरली. प्रत्येक सभासदानं आठवड्याला एक पेनी द्यावी, असं एकानं सुचवलं. पुष्कळांना तेवढंही परवडणार नव्हतं. तेव्हा कॅप्टन फॉय नावाचे गृहस्थ म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन. ज्याला जमणार नाही, त्याचे पैसे मी भरीन.

पैसे मागायला दारात गेलेल्या माणसाला घरातलं बरंच काही दिसतं. कुणी बायकोशी भांडताना सापडलं, कुणी दारू प्यायलेला. ही माहिती जॉन वेस्ली यांच्या कानावर गेली आणि आपल्याला नेमकं हेच हवं होतं, हे त्यांनी ओळखलं. पेनी गोळा करणाराच आता सभासदाच्या आत्मिक जीवनाचीही विचारपूस करू लागला. या गटाला नाव पडलं ‘क्लास’. साधारण बारा माणसं, त्यांत एक पुढारी.

घरोघर जाणं मात्र फार टिकलं नाही. त्यात वेळ जाई. बरेच सभासद नोकर म्हणून दुसऱ्याच्या घरी राहत आणि मालक आत येऊ देत नसे. येऊ दिलं तरी एकांत मिळत नसे. शिवाय ‘तो असं म्हणाला, ती तसं म्हणाली’ ही भांडणं दोघांना समोरासमोर बसवल्याशिवाय मिटत नाहीत. म्हणून मग सगळा क्लासच आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला.

(दृश्य: लहान खोली, गोलाकार मांडलेल्या खुर्च्या.)

बैठक गीतानं आणि प्रार्थनेनं सुरू होई. पुढारी एकेकाला विचारी, या आठवड्यात कसं चाललंय? ज्याला जी गरज, ते त्याला मिळे: सल्ला, धीर किंवा कानउघाडणी. मग पुढारी स्वतः आठवड्यातून एकदा पाळकाला भेटून आजारी कोण, वाट सोडून कोण चाललंय, ते सांगे आणि जमलेले पैसे कारभाऱ्यांच्या हाती देई. म्हणजे विचारणाऱ्यालाही वर कुणाला तरी उत्तर द्यावं लागे. आजच्या अनेक गटांत नेमकी हीच कडी गळालेली असते. मग पुढाऱ्याचा शब्द हाच कायदा होऊन बसतो.

दर तीन महिन्यांनी सभासदाला नवं तिकीट मिळे, त्यावर त्याचं नाव. वागणूक सुधारली नाही तर पुढचं तिकीट नाही. गाजावाजा न होता माणूस बाहेर पडे. न्यूकॅसलमध्ये १७४३ साली वेस्लींनी अशा ६४ जणांना वगळलं. कारणं त्यांनी लिहून ठेवली आहेत: १७ दारूपायी, ३ सवयीच्या खोटेपणासाठी, १ बायकोला मारहाण केल्याबद्दल... आणि सगळ्यांत मोठा आकडा, २९, निव्वळ बेफिकिरीचा.

क्लास सगळ्यांना सक्तीचा. त्याहून खोल जायचं असेल त्यांच्यासाठी ‘बँड’ असे. तो ऐच्छिक आणि आणखी लहान. पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या, विवाहित वेगळे, अविवाहित वेगळे. पापाची कबुली सरमिसळ घोळक्यात होत नाही, हे या रचनेमागचं साधं शहाणपण. बँडचे नियम डिसेंबर १७३८ चे, म्हणजे क्लासच्याही आधीचे. आधार बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा: एकमेकांजवळ पापं कबूल करा. आत येण्याआधीच विचारलं जाई: तुझे दोष तुला सांगितलेले चालतील का? मग दर बैठकीला ठरलेले प्रश्न. मागच्या भेटीनंतर कोणतं पाप घडलं? कोणते मोह आले? त्यांतून सुटका कशी झाली? असं काय केलंस, जे पाप आहे की नाही याचीच तुला शंका आहे? या चौथ्या प्रश्नातच खरी मेख आहे. पहिल्याचं उत्तर माणूस तयार करून येऊ शकतो. पाचवा प्रश्न, ‘लपवावंसं वाटणारं काही आहे का?’, पुढच्या आवृत्त्यांतून वगळला गेला. पुढारी आधी स्वतःची स्थिती सांगे, मग इतरांना विचारी. कुणाचा दोष त्याच्या पाठीमागे बोलायचा नाही आणि बोलणाऱ्याला तिथंच थांबवायचं, असंही १७४४ च्या सूचनांत आहे. हे पाळलं नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांची तोंडं बंद होतात.

(दृश्य: डर्बी शहर.)

संख्या वाढली की काय होतं, ते डर्बीत दिसलं. फेब्रुवारी १७६१ मध्ये सारा क्रॉस्बी या मेथडिस्ट पुढारी बाई इंग्लंडमधल्या या शहरात क्लास घ्यायला गेल्या. त्यांना तीसेक माणसं अपेक्षित होती, आली जवळजवळ दोनशे. एकेकाशी बोलणं शक्यच नव्हतं. त्यांनी गीत सांगितलं, प्रार्थना केली आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना मिळून सांगितलं. मेथडिस्ट स्त्रियांच्या उपदेशाच्या इतिहासात हा दिवस मोठा मानतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या संध्याकाळी क्लास मात्र झाला नाही.

(दृश्य: मुंबई, कुलाबा. बोवेन मेमोरियल चर्च.)

हीच पद्धत १८७१ च्या अखेरीस अमेरिकन प्रचारक विल्यम टेलर यांच्याबरोबर मुंबईत आली. विश्वास ठेवणाऱ्यांचे क्लास घराघरांत बसू लागले आणि त्यांतूनच १८७२ मध्ये मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. त्या कामात सामील झालेले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन १८४८ पासून या शहरात राहत होते. कुलाब्याच्या या चर्चला त्यांचंच नाव आहे. इथं क्रम ब्रिस्टलच्या उलटा होता: आधी क्लास, इमारत नंतर.