मिसेस जी यांचा आठवडा

नमस्कार, श्रोतेहो.

ऐकता ऐकता उजव्या हाताची मूठ घट्ट वळून पाहा. बोटांची टोके तळहाताला सहज टेकली असतील, तर तुमच्या हाताचे सांधे नीट काम करीत आहेत. आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, झालेल्या व्यक्तीला सकाळी ही मूठ वळता येत नाही. नळ सुटत नाही, कुकरचे झाकण निघत नाही, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, कणीक मळताना मनगटातून कळ जाते आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. दहा-अकरा वाजले की हात हळूहळू मोकळे होतात, दुपारी तीच बाई घरभर वावरताना दिसते, आणि मग घरातल्यांचा समज होतो की हा सकाळच्या कामाचा कंटाळा आहे. हा समज मी फार वर्षे ऐकत आले आहे. त्यामुळे रुग्णाला होणारी यातना सांध्यांच्या वेदनेहून कमी नसते.

आपल्याकडे टाच दुखली तरी वात, गुडघा दुखला तरी वात आणि पाठ धरली तरी वात, असे म्हणण्याची पद्धत आहे. या एका शब्दाने मराठी माणसाचे बरेच नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. उतारवयात झिजलेला गुडघा चालल्यावर दुखतो आणि बसल्यावर त्याला बरे वाटते. आमवाताचे याच्या उलट असते. विश्रांतीने सांधे आखडतात आणि हालचालीने ते सुटतात. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते अस्तर सुजते आणि कालांतराने शेजारचे हाड पोखरते. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ सांधे आखडत असतील आणि बोटांचे पेर सुजत असतील, तर वाट पाहू नका. तो आजार म्हाताऱ्यांचाच असेल, असेही समजू नका. तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांमध्ये तो पुष्कळ आढळतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून इंदापूर तालुक्यातील भिगवण गावात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तिथे आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे साधारण एक, असे निघाले.

या आजारावर आज जी औषधे आहेत, त्यांच्या संशोधनाविषयी मला बोलायचे आहे, आणि त्यासाठी मी तुम्हाला एका बाईची हकिकत सांगणार आहे. हकिकत सुरू होते १९२९ सालच्या १ एप्रिलला, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये. तिथे डॉ. फिलिप हेंच नावाचे ३३ वर्षांचे डॉक्टर सांध्यांचे रुग्ण पाहत असत. त्या दिवशी त्यांच्यासमोर ६५ वर्षांचा एक रुग्ण बसला होता, जो स्वतःही डॉक्टर होता. तो सहज सांगून गेला की त्याला कावीळ झाली आणि त्याबरोबर सांधेदुखी ओसरू लागली. कावीळ गेल्यानंतरही कित्येक महिने त्याला आराम वाटत होता.

श्रोतेहो, असे बोलणे डॉक्टरांच्या कानांवर रोज पडते आणि बहुतेक वेळा ते वाऱ्यावर जाते. हेंच यांनी ते टिपून ठेवले, आणि पुढची अनेक वर्षे ते अशाच रुग्णांचा शोध घेत राहिले. तेव्हा आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. आमवात झालेल्या स्त्रीला दिवस गेले की तिचे सांधे बहुधा मोकळे होतात, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी दुखणे पुन्हा डोके वर काढते. आपल्याकडच्या अनुभवी सुइणींनाही हे ठाऊक असेल, असे मला नेहमी वाटते. त्यांचे कोणी लिहून घेतले नाही, इतकेच. हेंच यांनी विचार केला तो असा. कावीळ पुरुषांनाही होते, म्हणून हा गुण केवळ स्त्रीच्या संप्रेरकाचा नसणार. गर्भारपणात कावीळ नसते, म्हणून हा गुण केवळ पित्ताचाही नसणार. दोन्ही अवस्थांत शरीरात वाढणारे असे काहीतरी तिसरेच असले पाहिजे. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘एक्स’ हे नाव दिले, आणि जे शरीर स्वतःहून घडवून आणते ते आपल्याला औषधाने साधावे, या ध्यासाने त्यांनी रुग्णांना पित्त देऊन पाहिले, पित्तक्षार देऊन पाहिले, कावीळ झालेल्यांचे रक्तही देऊन पाहिले. हाती काही लागले नाही.

त्याच मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांच्या टोकांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून एकेक द्रव्य वेगळे करीत होते आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरे देत होते. १९४१ च्या जानेवारीत दोघांचे बोलणे झाले आणि हेंच यांनी आपल्या वहीत नोंद केली, की ‘ई’ हे द्रव्य आमवातात वापरून पाहावे. नोंद झाली, परंतु द्रव्य मिळेना, कारण गुरांच्या ग्रंथींचे ढीग उपसावेत तेव्हा चिमूटभर हाती येई. पुढे मर्क कंपनीतील लुइस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातील आम्लापासून अनेक टप्प्यांची लांबलचक प्रक्रिया करून ते बनवले. ज्या पित्ताचा हेंच यांना आरंभी संशय होता, त्याच पित्तातून अखेर औषध तयार व्हावे, या योगायोगाचे मला आजही नवल वाटते.

आता मिसेस जी. त्यांचे वय २९, आणि आमवात चार वर्षांहून जुना. १९४८ च्या जुलै महिन्यात त्या मेयो क्लिनिकमध्ये उपचारांसाठी दाखल झाल्या. लॅक्टोफेनिन या औषधाने काही रुग्णांना कावीळ होते, म्हणून ती मुद्दाम व्हावी या आशेने त्यांना ते देण्यात आले. कावीळ झाली नाही आणि सांधेही सुटले नाहीत. डॉक्टरांपाशी आता देण्यासारखे काही उरले नव्हते. मात्र मिसेस जी घरी जायला तयार होईनात. बरे वाटल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. त्यांच्या या हट्टामुळेच हेंच आणि केंडल यांनी सप्टेंबरच्या आरंभी मर्क कंपनीकडे ‘ई’ द्रव्याची मागणी केली.

२१ सप्टेंबर १९४८, मंगळवार. डॉ. स्लोकम आणि डॉ. पॉली या सहकाऱ्यांच्या मदतीने मिसेस जी यांना पहिले इंजेक्शन देण्यात आले. मात्रा दिवसाला १०० मिलिग्रॅम. बुधवार तसाच गेला. गुरुवारी सकाळी जाग आली तेव्हा त्यांना पलंगावर कूस सहज बदलता आली. ज्यांना स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या अनुभवाने आमवात माहीत आहे, त्यांना कूस बदलण्याचे मोल मी वेगळे सांगायला नको. शुक्रवारी वेदनेचा ताठरपणा गेला होता, आणि तीन दिवसांपूर्वी ज्यांना पाऊल टाकणे कठीण होते, त्या किंचित लंगडत का होईना, चालू लागल्या. पुढच्या मंगळवारी, २८ सप्टेंबरला, मिसेस जी गावात गेल्या आणि तीन तास बाजारहाट करून परतल्या. त्या दमल्या होत्या, पण सांधे दुखत नव्हते.

पुन्हा सांगते: मंगळवारी पहिली सुई, आणि पुढच्या मंगळवारी तीन तास बाजार.

२० एप्रिल १९४९ रोजी हेंच यांनी आपल्या सहकारी डॉक्टरांपुढे या रुग्णांची चित्रफीत दाखवली. औषधाआधी खुर्चीतून उठताना धडपडणारे रुग्ण आणि औषधानंतर पायऱ्या चढणारे तेच रुग्ण पडद्यावर होते. त्या द्रव्याचे नाव पुढे कॉर्टिसोन ठेवण्यात आले. १९५० साली हेंच, केंडल आणि बाझेलचे टाडेयुश राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या इंजेक्शनपासून सव्वादोन वर्षांत नोबेल! पाठ्यपुस्तकांत या तिघांची नावे आहेत आणि ती असायलाच हवीत, परंतु घरी जायला नकार देणाऱ्या त्या बाईसाठीही एक ओळ असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

इतक्या आनंदानंतर जे समोर आले तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. औषध थांबवले की आजार परत येई. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिले, तर चेहरा चंद्रासारखा गोल होई, रक्तदाब व साखर वाढे, हाडे ठिसूळ होत आणि काहींचे मानसिक स्वास्थ्यही बिघडे. हे मूळ आजार मिटवणारे औषध आहे, असा दावा हेंच यांनीही केला नव्हता. कॉर्टिसोनच्या जातीचे औषध, म्हणजेच स्टेरॉइड, आजही वापरले जाते. इतर औषधांचा गुण येईपर्यंत थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी ते उपयोगी पडते. परंतु गावोगावी सांधेदुखीवर ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात आणि ज्यांनी दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच मिसळलेले असते. अशी पुडी कोणी दीर्घकाळ घेत असेल, तर ती एकदम बंद करू नका, कारण तोवर शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी मंदावलेल्या असतात. पुडी घेऊन डॉक्टरांकडे या आणि त्यांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करा. एकदम बंद करायची नाही, हे नीट लक्षात असू द्या.

आता वेळ थोडा उरला आहे, म्हणून पुढचे थोडक्यात सांगते. मिसेस जी रुग्णालयात पडून होत्या त्याच ऑगस्ट महिन्यात, तिकडे न्यूयॉर्कमध्ये, आंध्रातील भीमावरमचे शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे निधन झाले. लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली रक्ताच्या कर्करोगासाठी जी औषधे तयार झाली, त्यांतलेच एक म्हणजे मेथोट्रेक्सेट. कर्करोगाला लागते त्याहून फारच थोडी मात्रा आमवातात पुरते, हे कळायला आणि सिद्ध व्हायला कित्येक वर्षे गेली. १९८५ साली डॉ. मायकेल वाइनब्लॅट आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांवर २४ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक रुग्णाने काही काळ खरी गोळी व काही काळ दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेतली, आणि कोणती केव्हा हे रुग्णालाही ठाऊक नव्हते व तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. खऱ्या गोळीचा गुण स्पष्ट दिसला. आज आमवाताच्या उपचाराचा पाया हेच औषध आहे, आणि ते स्वस्त आहे.

मात्र मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. रोज नाही, आठवड्यातून एकदा. चुकून रोज घेतले तर तोंड येते, रक्तातील पेशी घटतात आणि जिवावर बेतू शकते. सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे लागते, कारण गर्भावस्थेत हे औषध चालत नाही.

त्यानंतर लंडनमध्ये लुधियानात जन्मलेले डॉ. रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी सूज पेटवणाऱ्या टीएनएफ या एकाच रेणूला अडवणारी औषधे १९९२ पासून रुग्णांवर वापरून दाखवली. ती गुणकारी आहेत, पण महाग आहेत. म्हणूनच ग्लासगोमध्ये झालेली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला सर्वांत जवळची वाटते. तिच्यात ११० रुग्ण होते आणि दोन्ही गटांना नेहमीचीच औषधे मिळत होती. एका गटाला दर महिन्याला बोलावले जाई, सुजलेले सांधे मोजले जात आणि सूज उरली असेल तर त्याच वेळी औषध वाढवले जाई. दुसऱ्या गटाची तपासणी नेहमीप्रमाणे तीन महिन्यांनी होत असे. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील ६५ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता आणि दुसऱ्यातील १६ टक्क्यांचा. खर्चात फारसा फरक पडला नव्हता. गोळी तीच, परंतु सांधे मोजणारे बोट दर महिन्याला पोचत होते. आमच्याकडे येणारे रुग्ण एकदा बरे वाटले की सहा-सहा महिने तोंड दाखवत नाहीत, तेव्हा मी त्यांना हेच आकडे सांगते. ते आज तुम्हालाही सांगितले: ६५ आणि १६.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी गोळीसाठी गुरुवार निवडला आहे. दिवसभराचा उपास सोडून रात्री जेवण झाले की त्या गोळी घेतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक गुरुवारला पेन्सिलीने गोल केलेला असतो. मी त्यांना हेंच यांच्या वहीची हकिकत सांगितली, तेव्हापासून त्या रोजच्या चौकोनात सकाळी सांधे किती मिनिटे आखडले तेही लिहू लागल्या, आणि दर महिन्याला ते पान फाडून तपासणीला आणू लागल्या. पहिल्या पानावर नव्वद, ऐंशी असे आकडे होते. पुढच्या पानांवर चाळीस, तीस, दहा. चौथ्या पानावर मधले सहा चौकोन कोरे दिसले, म्हणून मी विचारले की हे दिवस लिहायचे राहिले का? त्या म्हणाल्या, “डॉक्टर, उठल्या उठल्या कणीक मळायला घेतली आणि लिहायचं लक्षातच आलं नाही.”