गाणे, गुन्हा आणि स्कॉटलंडचा २०१२ चा कायदा

[दृश्य : ग्लासगो. सामन्यापूर्वी सेल्टिक पार्ककडे निघालेली गर्दी.]

ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्स या दोन क्लबांमधले वैर केवळ फुटबॉलपुरते कधीच नव्हते. सेल्टिकचा पाठीराखा बहुधा आयरिश कॅथलिक वारशाचा, तर रेंजर्सचा बहुधा प्रोटेस्टंट आणि ब्रिटनशी निष्ठा सांगणारा. त्यामुळे दोन्ही स्टँडमधून उठणाऱ्या गाण्यांत आयर्लंडचा सगळा इतिहास उतरतो. त्यातली काही गाणी निखळ द्वेषाची आहेत आणि ती ज्यांना उद्देशून गायली जातात त्यांना ती जिव्हारी लागतात. फुटबॉल सामन्यांतील ‘आक्षेपार्ह’ वर्तनाला गुन्हा ठरवणाऱ्या २०१२ च्या कायद्याविरुद्ध चाहत्यांची बाजू मांडताना हे आधीच मान्य केले पाहिजे.

२ मार्च २०११ रोजी झालेल्या स्कॉटिश कपच्या सामन्यात रेंजर्सच्या तीन खेळाडूंना लाल कार्ड दाखवले गेले आणि सामना संपताच सेल्टिकचे प्रशिक्षक नील लेनन व रेंजर्सचे सहायक प्रशिक्षक अ‍ॅली मॅककॉइस्ट यांच्यात मैदानाच्या कडेलाच बाचाबाची झाली. त्याच वसंत ऋतूत लेनन यांच्या नावाने बॉम्बसारखी पार्सले पाठवली गेली आणि मे महिन्यात एडिनबरोच्या टायनकॅसल मैदानावर एक प्रेक्षक थेट त्यांच्या अंगावर धावून गेला. देश हादरला होता, आणि नुकतेच बहुमत मिळवलेल्या अ‍ॅलेक्स सॅमंड यांच्या स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या सरकारला काहीतरी करून दाखवणे भाग होते.

[दृश्य : एडिनबरो. हॉलीरूड येथील संसद भवन.]

या कायद्याचे विधेयक घाईघाईने संमत करण्याचा पहिला प्रयत्न त्याच जूनमध्ये झाला आणि टीकेमुळे तो लांबणीवर पडला. अखेर १४ डिसेंबर २०११ रोजी ६४ विरुद्ध ५७ मतांनी ते संमत झाले आणि १ मार्च २०१२ पासून कायदा लागू झाला. सत्ताधारी पक्षाखेरीज इतर एकाही पक्षाने त्याला साथ दिली नव्हती.

चाहत्यांचा आक्षेप कायद्याच्या शब्दरचनेवर होता, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. धार्मिक किंवा वांशिक द्वेषाचे वर्तन या कायद्यात होतेच. पण त्याखेरीज सारासार विचार करणाऱ्या माणसाला ‘आक्षेपार्ह’ वाटू शकेल असे कोणतेही वर्तन, त्यातून शांतता बिघडण्याची शक्यता असल्यास, गुन्हा ठरू शकत होते. कमाल शिक्षा पाच वर्षांच्या तुरुंगवासाची. कायद्याची हद्द मैदानापाशी संपत नव्हती. सामन्याला जाता-येतानाचा रस्ता आणि सामना टीव्हीवर दाखवणारा पबही तिच्यात येत होता. विधेयकावर चर्चा चालू असताना मंत्री रोझॅना कनिंगहॅम यांना संसदीय समितीत विचारण्यात आले, की क्रॉसची खूण करणे किंवा ब्रिटनचे राष्ट्रगीत गाणे हाही गुन्हा ठरेल काय. परिस्थितीनुसार ठरू शकेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. जी कृती चर्चमध्ये प्रार्थना असते, ती स्टँडमध्ये गुन्हा आहे की नाही हे माणसाने करण्यापूर्वी ओळखायचे कसे, याचे उत्तर कायद्यात सापडत नव्हते.

[दृश्य : हायलँड प्रदेशातील डिंगवॉल. रॉस काउंटीचे छोटे मैदान.]

ऑगस्ट २०१२ मध्ये इथे रॉस काउंटी विरुद्ध सेल्टिक हा सामना झाला. त्या वेळी १९८१ च्या उपोषणात प्राण गमावलेल्या आयरिश रिपब्लिकन (म्हणजे उत्तर आयर्लंडमधली ब्रिटनची सत्ता अमान्य करणाऱ्या) कैद्यांच्या स्मरणाचे गाणे इतरांबरोबर गायल्याबद्दल एका तरुण चाहत्यावर खटला भरण्यात आला. स्थानिक न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडले, परंतु २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या गाण्याने चिथावला जाईल असा माणूस प्रत्यक्ष तिथे हजर असण्याची गरज नाही, कारण कायद्याच्या मजकुरातच तशी तरतूद आहे, असा त्या निर्णयाचा अर्थ होता. म्हणजे न चिडलेल्या, कदाचित न ऐकलेल्या, केवळ कल्पनेतल्या श्रोत्याच्या रागावरून माणूस दोषी ठरू शकत होता. माझ्या मते या कायद्यातला सर्वांत गंभीर दोष हाच होता. त्याच वर्षी डंडी येथील एका न्यायाधीशांनीही या कायद्याच्या मसुद्यावर भर न्यायालयात कडक ताशेरे ओढले.

चाहत्यांना रोज जाणवणारी गोष्ट मात्र निकालाच्या कितीतरी आधी सुरू होत असे. स्टँडकडे रोखलेला पोलिसांचा कॅमेरा, त्यानंतरची अटक, खटला संपेपर्यंत सामन्यांना जाण्यास मनाई करणारी जामिनाची अट आणि लांबत जाणाऱ्या तारखा, हे सगळे शेवटी निर्दोष सुटणाऱ्यालाही भोगावे लागे. मार्च २०१३ मध्ये ग्लासगोच्या गॅलोगेट भागात सेल्टिकच्या चाहत्यांच्या ‘ग्रीन ब्रिगेड’ गटाने याच्या निषेधार्थ काढलेला मोर्चा पोलिसांनी घेरून रोखला. ‘फॅन्स अगेन्स्ट क्रिमिनलायझेशन’ ही सेल्टिकच्या चाहत्यांनी २०११ मध्ये उभी केलेली मोहीम त्यानंतरही चालू राहिली, आणि कायद्याविषयीची नाराजी रेंजर्सच्या चाहत्यांमध्येही होतीच.

सरकारचा युक्तिवाद असा होता, की कायदा मागे घेतल्यास द्वेष चालतो असा संदेश जाईल. हा युक्तिवाद मला पटत नाही. लेनन यांना पार्सले पाठवण्याच्या कटात सामील असलेल्या दोघांना २०१२ मध्ये प्रत्येकी पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि ती आधीपासून असलेल्या कायद्यानेच झाली. शांतताभंगाचा गुन्हा जुनाच होता, धमकावणे व शिवीगाळ यांसाठी २०१० चा कायदा होता, आणि दोषी प्रेक्षकाला मैदानबंदी घालण्याची सोय २००६ पासून होती.

[दृश्य : संसदेचे सभागृह, मार्च २०१८.]

मजूर पक्षाचे सदस्य जेम्स केली यांनी मांडलेले रद्दीकरणाचे विधेयक १५ मार्च २०१८ रोजी ६२ विरुद्ध ६० मतांनी संमत झाले आणि एप्रिलमध्ये हा कायदा संपला.

१ एप्रिल २०२४ पासून स्कॉटलंडमध्ये द्वेषमूलक गुन्ह्यांचा नवा कायदा लागू आहे. तो केवळ फुटबॉल चाहत्यांसाठी नसून सर्वांना सारखाच लागू होतो, आणि वेगळी वागणूक नको ही चाहत्यांची जुनी मागणी त्यात पाळली गेली आहे. तरीही धमकीचे किंवा अपमानकारक बोलणे कोठे सुरू होते हे प्रत्यक्ष स्टँडमध्ये पोलिसालाच ठरवावे लागणार असल्यामुळे चाहत्यांची काळजी मिटलेली नाही. २०१२ च्या कायद्याखाली ज्यांना आधीच दोषी ठरवले गेले होते, त्यांचे निकाल त्या रद्दीकरणाने पुसले गेले नाहीत.