चिंबोराझो : मोजाल तसा उंच

मुलांनो, पडद्यावर दिसणारे हे घुमटासारखे पांढरेशुभ्र शिखर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगेत, इक्वेडोर या देशात आहे. त्याचे नाव चिंबोराझो. मुळात हा ज्वालामुखी असला, तरी गेली सुमारे १,४०० वर्षे तो शांत आहे, आणि विषुववृत्त अगदी जवळ असूनही त्याच्या माथ्यावरचे बर्फ बाराही महिने टिकून असते.

समुद्रसपाटीपासून चिंबोराझोची उंची ६,२६३ मीटर, तर एव्हरेस्टची ८,८४९ मीटर भरते. मात्र हीच मोजपट्टी समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या केंद्रापासून लावली, तर चिंबोराझोचा माथा एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर आहे. याचे कारण असे, की स्वतःभोवती फिरत राहिल्यामुळे पृथ्वी मध्यभागी थोडी फुगलेली आहे. केंद्रापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर ध्रुवापर्यंतच्या अंतरापेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. त्या फुगवट्यावर उभा असल्याचा लाभ चिंबोराझोला आयताच मिळाला आहे!

एके काळी तर हाच जगातील सर्वांत उंच पर्वत मानला जात असे. जर्मन संशोधक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ साली जून महिन्यात हा पर्वत चढू लागले, तेव्हा विरळ हवेमुळे त्यांच्या आणि सोबत्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, आणि शेवटी वाटेत आडव्या आलेल्या खोल घळीने त्यांना माघारी फिरवले. माथ्यावर पहिले पाऊल पडायला १८८० साल उजाडले. ते इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर आणि त्यांचे दोन इटालियन वाटाडे यांचे होते.

पायथ्याच्या गावांतील माणसे मात्र या डोंगरावर विक्रमासाठी नव्हे, तर बर्फासाठी जात असत. बाल्तासार उश्का हे त्यांच्यातील शेवटचे बर्फवाले म्हणून ओळखले गेले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. माती आणि दगडगोट्यांखाली दडलेले, काचेसारखे टणक बर्फ कुदळीने उकरायचे, कुऱ्हाडीने त्याच्या लाद्या पाडायच्या, डोंगरउतारावरचे गवत कापून त्यात त्या घट्ट गुंडाळायच्या, म्हणजे वाटेत त्या फारशा वितळत नाहीत, आणि मग गाढवांच्या पाठीवर लादून खाली उतरायचे, असे ते काम होते. रियोबांबा शहराच्या बाजारात ते बर्फ फोडून फळांच्या रसात घातले जाई, आणि पेल्यात खडे किणकिणत.